स्पूल टेप डिजिटल करून घेतली, आंटीचा आवाज परत मिळाला (अनुभव जरा सविस्तर)

ज्यांच्या घरी माळ्यावर जुन्या स्पूल टेप (कॅसेटच्या आधीच्या, उघड्या चकरीवर गुंडाळलेल्या) पडून आहेत त्यांच्यासाठी लिहितोय. मी गेल्या दोन महिन्यांत एक स्पूल डिजिटल करून घेतला, आधी एका ठिकाणी फसला मग दुसरीकडे नीट झाला, आणि त्या टेपवर जे होतं ते ऐकल्यापासून डोक्यातून जातच नाहीये. सर्व्हिस देणारे गृहस्थ दादरला एकटेच काम करतात, त्यांच्याकडे आधीच रांग आहे आणि नंबर वाटू नकोस असं त्यांनी स्वतः सांगितलंय म्हणून नाव टाकत नाही. पण असं काम कसं व्हायला पाहिजे, काय विचारायचं, कुठे अडून बसायचं हे लिहिलं तरी बऱ्याच जणांना उपयोग होईल.

आधी टेप कसली ते सांगतो, नाहीतर बाकीचं कळणार नाही.

आम्ही गिरगावातले. आमच्या वाडीच्या मागे ख्रिश्चन घरं होती, त्यातल्या एका घरात आंटी राहायची. दिवसा आमच्यासाठी ती फक्त आंटी, गॅलरीत कपडे वाळत घालणारी, नाताळात कुलकुलं पाठवणारी, रविवारी चर्चमध्ये क्वायरला गाणारी. रात्री चर्चगेटच्या एका क्लबात बँडबरोबर गायची. आम्हा पोरांना एवढंच माहीत की संध्याकाळी सातच्या सुमारास आंटी चमचमत्या ड्रेसवर शाल घेऊन टॅक्सीत बसते. काय गाते, कसं गाते, कोणीच ऐकलेलं नाही, कारण आमच्या घरातलं कोण जाणार तिथे. फक्त माझा काका जायचा. काका इलेक्ट्रिकचं काम करायचा, त्या क्लबातला अ‍ॅम्प्लिफायर आणि माइक बिघडला की त्याला बोलावणं यायचं आणि मग काम झाल्यावर किचनच्या दाराशी स्टूल टाकून तो शो संपेपर्यंत बसून राहायचा. त्याच्याकडे सेकंडहँड ग्रुंडिगचा टेपरेकॉर्डर होता, तो उचलून नेण्याइतका हलका नव्हता पण काका न्यायचा. मार्च १९७२ असं डब्यावर त्याच्या अक्षरात लिहिलंय.

आंटी सोल गायची. हा शब्द मला फार उशिरा कळला. अरीथा फ्रँकलिन, ओटिस रेडिंग यांची गाणी, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमधल्या गाण्यातून जे संगीत बाहेर आलं आणि क्लबात, रेडिओवर पोचलं ते. आता विचार केला की वाटतं आंटीला ते जवळचं वाटलं ह्यात नवल काय, तीही चर्चमध्येच गायला शिकलेली. रेकॉर्डी तिला तारवटी आणून द्यायचे, बोटीवर काम करणारे गोव्याचे लोक, धोबी तलावला जेर महलमधल्या कुडांत उतरायचे ते. कूड म्हणजे एकेका गावाची खोली, त्या त्या गावच्या माणसाला मुंबईत पाठ टेकायला जागा. आंटी रेकॉर्ड आठवडाभर ठेवून घ्यायची आणि ऐकून ऐकून शब्द वहीत उतरवायची, ती वही मी पाहिलेली आहे.

आता सर्व्हिसकडे येतो.

काका गेल्यावर माळा साफ करताना दोन स्पूल निघाले. पहिला मी घाईघाईत एका दुकानात दिला, लग्नाच्या कॅसेट वगैरे पेनड्राइव्हवर करून देतात तिथे. चार दिवसात फाइल मिळाली, ऐकली तर एक बाजू सरळ आणि तिच्याच खाली दुसरी बाजू उलटी वाजतेय, आंटी गातेय आणि तिच्या मागे कोणीतरी भुतासारखं उलट्या शब्दांत गातंय. दुकानदार म्हणाला टेपच खराब आहे. मी ते खरं मानलं आणि महिनाभर गप्प बसलो, त्याचं आजही वाईट वाटतं. दादरच्या गृहस्थांनी नंतर सांगितलं की टेपला काही झालेलं नाही, बऱ्याच घरगुती मशीनवर टेपच्या रुंदीत चार ट्रॅक असतात, दोन जाताना दोन येताना, आणि दुकानाच्या मशीनचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, दोन ट्रॅकवालं, त्यामुळे ते दोन्ही दिशांचं एकदम वाचतं. एवढंच होतं. त्यामुळे पहिला प्रश्न हाच विचारा, चार ट्रॅकचं हेड आहे का. उत्तर देताना समोरचा चाचपडला तर टेप उचला आणि घरी या.

दादरला गेलो तेव्हा त्यांनी डबा उघडून पहिल्यांदा वास घेतला. मला कळेना. मग म्हणाले व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ती जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची, म्हणजे अ‍ॅसिटेटची टेप आणि ती सडायला लागलीय असं समजायचं. वास नव्हता. मग स्पूल खिडकीकडे उजेडात आडवा धरला, गुंडाळलेल्या टेपमधून उजेड आरपार दिसला तर अ‍ॅसिटेट, नाही दिसला तर पॉलिएस्टर. नाही दिसला. मला वाचून माहीत होतं की काही जुन्या टेप चिकट होतात आणि त्या ओव्हनमध्ये साधारण ५४ डिग्रीला तासनतास शेकाव्या लागतात, म्हणून मी शहाणपणाने विचारलं शेकणार का, तर म्हणाले गरज नसताना शेकायचं नाही, चिकटपणा ज्या टेपच्या गोंदात हवेतलं पाणी शिरतं तिला येतो, ही तशी नाही, हिला फक्त बुरशी आलीय. मुंबईच्या हवेत बुरशी येणारच. कडेला पांढरी पावडर दिसत होती. ती त्यांनी मऊ कापड धरून टेप हळूहळू फिरवत पुसली, मास्क घालून, आणि हे सगळं माझ्यासमोर केलं. काकाने तीन ठिकाणी सेलोटेपने जोड मारलेले, त्याचा गोंद वितळून शेजारच्या वेढ्यांना लागलेला, ते जोड सोडवून नीट जोडपट्टी लावली. ह्या कामाला दीड तास गेला आणि अजून मशीनवर टेप चढलेलीच नव्हती. मला हे सगळ्यात जास्त आवडलं. घाई नाही.

स्पूल सात इंची, १२०० फूट टेप, पावणेचार इंच प्रति सेकंद ह्या स्पीडला रेकॉर्ड केलेला, म्हणजे एका बाजूला साधारण ६४ मिनिटं. फाइल ९६ किलोहर्ट्झ २४ बिटची वेव्ह, म्हणजे आवाज न दाबता पूर्ण ठेवलेली, घेतली आणि रोज ऐकायला वेगळी एमपीथ्री. वेव्ह फाइल मोठी होते, पण मूळ टेप आता किती वेळा वाजेल सांगता येत नाही तर एकदाच काय ते पूर्ण घ्यावं. तुम्हीही वेव्ह मागाच, नुसती एमपीथ्री देत असतील तर नको म्हणा.

पंधरा दिवसात देतो म्हणाले आणि पाच आठवडे लागले. मधे फोन उचलला नाही असंही झालं दोनदा. ही तक्रार आहे आणि ती त्यांना सांगितलीय. दुसरी तक्रार जास्त मोठी. पहिली फाइल पाठवली ती साफ करून पाठवली. सॉफ्टवेअरने खरखर काढलेली. ऐकायला गोड, स्वच्छ, आणि मेलेली. ड्रमवर ब्रश फिरतात त्याचा जो सर्र सर्र आवाज असतो तो खरखरीबरोबरच निघून गेलेला, टाळ्या पत्र्यावर पाऊस पडावा तशा, आणि आंटीने श्वास घेतलेला कुठे ऐकूच येईना. सोल गाणाऱ्या बाईचा श्वास काढल्यावर राहिलं काय. मी फोन करून म्हटलं मला जशी आहे तशी द्या, खरखरीसकट. ते जरा हिरमुसले, कारण साफ करायला त्यांनी खरंच मेहनत घेतलेली, पण दिली. आणि ती लावली तर किचनच्या दाराचा कर्र आवाज, ग्लासांची किणकिण, कोणीतरी वेटरला हाक मारतंय, आणि ह्या सगळ्याच्या मधे पियानो सुरू होतो. तो क्लब डोळ्यासमोर उभा राहिला, जिथे मी आयुष्यात पाऊल ठेवलं नव्हतं.

पण आवाज आंटीचा वाटेना.

म्हणजे तीच होती, पण बारीक, चिवचिवाट केल्यासारखी, सतरा वर्षांच्या पोरीची. आंटीचा आवाज रुंद होता, गॅलरीतून नुसती हाक मारली तरी पोटात घुमायचं. मला वाटलं तरुणपणी असेल तसा. तरी चैन पडेना म्हणून वसईला गेलो, त्या बँडमधला ट्रंपेटवाला अंकल तिथे मुलीकडे राहतात, वय नव्वदीला टेकलंय, दात नाहीत म्हणून वाजवत नाहीत पण कान शाबूत. मोबाइलवर लावलं. अंकलनी डोळे मिटले, बोटं मांडीवर तीन व्हॉल्व दाबल्यासारखी हलायला लागली आणि अर्ध्या मिनिटात थांबली. म्हणाले, "बाबा, हे बी मध्ये कशाला वाजतंय? आमी बी मध्ये कदी नाय वाजवलं. बी फ्लॅट होता हा."

ज्यांना आपल्या पट्टीत सांगायला हवं त्यांच्यासाठी, गाणं काळी पाचमध्ये होतं आणि टेपवर पांढरी सातमध्ये ऐकू येत होतं. ट्रंपेट आणि सॅक्सोफोनवाल्यांना फ्लॅटच्या पट्ट्या हाताला सोप्या, बी त्यांच्यासाठी डोकेदुखी, रात्री चार तास वाजवणारा बँड स्वतःहून ती पट्टी घेणार नाही. म्हणजे टेप पळत होती. काकाच्या मशीनचा पट्टा सैल झाला असणार, रेकॉर्ड करताना टेप जरा सावकाश सरकली, आणि आज बरोब्बर स्पीडला वाजवली की सगळं अर्धा सूर वर.

दादरला फोन केला. मला वाटलं ते म्हणतील नव्वद वर्षांच्या माणसाचं काय ऐकता, पण ते एकदम शांत झाले आणि म्हणाले थांबा, घरघर बघतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, अ‍ॅम्प्लिफायर चालू असला की खाली मंद घरघर असते ती ५० च्या सुरातच असते, आणि ती टेपवर उतरते. त्यांनी मोजली तर ५३ निघाली. ५० ला ५३ म्हणजे जवळजवळ बरोब्बर अर्धा सूर. अंकलचा कान आणि वीज दोघांनी एकच सांगितलं. ही घरघर त्यांनी पहिल्या फाइलमध्ये पुसून टाकलेली होती, आणि तीच शेवटी उपयोगाला आली! त्यांनी स्वतः कबूल केलं की इथून पुढे आधी घरघर मोजणार मग हात लावणार, आणि दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत.

ती नवीन फाइल मी रात्री सगळे झोपल्यावर हेडफोनवर लावली. सुरुवातीला एक गंमत आहे, टेप वर्षानुवर्षं गुंडाळलेली राहिली की एका वेढ्याची छाप शेजारच्या वेढ्यावर उमटते, त्यामुळे गाणं सुरू व्हायच्या तीन-चार सेकंद आधी तेच गाणं अगदी लांबून, विहिरीतून आल्यासारखं ऐकू येतं. हेही काढता येतं म्हणाले, मी काढू दिलं नाही. तर आधी लांबून आंटी, मग शांतता, मग अंकलचा ट्रंपेट म्यूट लावलेला, आणि मग आंटी खरी. तोच आवाज. रुंद. गॅलरीतला. मी रडलो, सांगायला काही हरकत नाही.

आणि सगळ्यात जास्त काय ऐकू आलं तर बाकीची माणसं. आम्ही वाडीत फक्त आंटीचं नाव घेत आलो, पण टेपवर ती एकटी नाहीचे. ती ओळ ओढते तेव्हा पियानोवाला डावा हात उचलून घेतो, तिला जागा करून देतो, ती श्वास घेते तिथे टेनर सॅक्स दोन सूर टाकतो, जास्त नाही, दोनच. ड्रमर एका ठिकाणी ब्रश टाकून काठ्या उचलतो ते सुद्धा कळतं, कारण एक काठी खाली पडते आणि कोणीतरी हसतं, आणि ताल एक मात्रा सुद्धा हलत नाही. शेवटी आंटी एकेकाचं नाव घेऊन ओळख करून देते, पाच जण, प्रत्येकाला टाळ्या, अंकलच्या नावाला जास्त. अंकलनी तो भाग परत परत लावायला लावला. पाचातले चौघं गेले.

हीच माणसं दिवसा काय करायची माहितीये का, सकाळी ताडदेवला किंवा बांद्र्याला स्टुडिओत हिंदी सिनेमाची गाणी वाजवायची. गोव्यात पोर्तुगीजांच्या वेळी चर्चच्या शाळांत पोरांना व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकवायचे, त्यामुळे कागदावर लिहिलेलं संगीत वाचून बसल्या बसल्या वाजवणारी माणसं मुंबईला तिथून मिळाली. आपण सी. रामचंद्रांचं 'अलबेला' म्हटलं की नाचायला लागतो, १९५१ चा सिनेमा, त्यातल्या त्या ब्रासच्या मागे ट्रंपेटवाले चिक चॉकलेट आहेत, गोव्यातल्या हळदोण्याचे, खरं नाव अँतोनिओ झेवियर वाझ, ताजमध्ये स्वतःचा बँड घेऊन वाजवायचे आणि लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे, १९६७ ला गेले. गोव्यातल्याच मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं त्यांनी, १९५८ ला स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, आणि आज बहुतेकांना ते नाव १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यामुळे माहिती, जे शिष्याने गुरूची आठवण म्हणून केलं. सिनेमाच्या गाण्यांचं वाद्यांचं संगीत लिहून देणारे सबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड... रेकॉर्डच्या कव्हरवर ह्यांची नावं शोधून बघा, संगीतकाराचं एक नाव असतं आणि बास.

क्लबातल्या गाणाऱ्या बायकांपैकी कोकणी गाण्यांची लोर्ना कोर्देरो तेवढी सगळ्यांना माहीत, चर्चगेटच्या अ‍ॅस्टोरिया हॉटेलात व्हेनिस होतं तिथे ख्रिस पेरींच्या बँडबरोबर गायची, मग दोघांची फारकत झाली आणि दोन दशकांहून जास्त काळ ती गायलीच नाही, १९९५ ला गोव्यात परत उभी राहिली तेव्हा लोक वेडे झाले. तिला निदान परत उभं राहायला मिळालं, तिच्या रेकॉर्डी तरी निघालेल्या होत्या. आमच्या आंटीची एकही नाही. चर्चगेटला तेव्हा बँडच बँड, गेलॉर्ड, बॉम्बेली, व्होल्गा, अँबॅसेडर, रिट्झ, अंकल सांगतात ब्रेकमध्ये बाहेर येऊन दुसऱ्या हॉटेलातल्या मित्राचा सोलो ऐकून परत यायचो. सत्तरच्या दशकात करमणूक कर वाढत गेला, मग डिस्को आला, एक माणूस आणि दोन टर्नटेबल, मालकाला सहा जणांच्या बँडपेक्षा ते परवडतं. आंटीचा क्लब बंद झाला तेव्हा ती चाळिशीची पण नव्हती. नंतर तिने एका शाळेत ऑफिसात नोकरी केली आणि रविवारी क्वायर, बस. आम्ही तिला कधी म्हटलं नाही आंटी गाऊन दाखव, सुचलंच नाही, शेजारी राहून.

तर सर्व्हिसबद्दल. पैसे २,४०० घेतले एका स्पूलचे, सफाई आणि जोड धरून. लग्नाच्या कॅसेटवाल्या दुकानाने ५०० घेतलेले, तेव्हा महाग वाटेल, पण त्या पाचशेत मला टेप खराब आहे असं खोटं उत्तर मिळालं होतं. फाइलबरोबर एका कागदावर टेप कुठल्या स्पीडला, किती दुरुस्ती, जोड कुठे, सगळं लिहून दिलं, हे मागितल्याशिवाय दिलं. मूळ टेप परत देताना शेवटापर्यंत सावकाश वाइंड करून तशीच ठेवा, रिवाइंड करू नका, डबा उभा ठेवा आणि स्पीकरजवळ नको हे तीनदा सांगितलं. उशीर आणि न विचारता केलेली सफाई ह्याचा एक मार्क कापतो, पाचपैकी चार. चूक दाखवल्यावर ज्या पद्धतीने ऐकून घेतलं त्यासाठी खरं तर तो मार्क परत द्यावासा वाटतो, पण उशीर फार झाला, अंकल नव्वदीचे आहेत, तिथे तीन आठवडे म्हणजे काय असतं ते मी त्यांना बोललो.

टेप देणार असाल तर पहिल्या दिवशीच लिहून द्या की साफ न केलेली फाइल आधी हवी. आणि त्या टेपवरचं कोणी हयात असेल तर त्यांना ऐकवा, आधी ऐकवा, पैसे देण्याच्या आधी. मशीनला ५३ दिसले ते अंकलनी सांगितल्यावर.

पाच नावं मी डब्याच्या आतल्या बाजूला पेनने लिहून ठेवली, कोण काय वाजवायचं त्यासकट, स्पेलिंग अंकलना विचारून. आंटीच्या भाचीला फाइल पाठवली, ती कॅनडात असते, तिचा अजून मेसेज नाही आला, फक्त ऐकलं एवढं दिसतंय, चार वेळा.

दुसरा स्पूल पुढच्या सोमवारी देतोय. त्याच्या डब्यावर तारीख नाही, काकाच्या अक्षरात फक्त 'रविवार, जॅम सेशन' आणि खाली एक फूलस्टॉपएवढा छोटा बाण, दुसरी बाजू आधी वाजव असा.